पँथर कोणाला म्हणावे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते शब्दांच्या बाबतीत मोठे संशयी होते, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. कुणी एखाद्या शब्दाची सुरेख फोड करून दाखवली की ते आधी पुरावा मागत. त्यांच्या नावानं बोलायचं तर निदान विषय तरी त्यांना रुचेल असा हवा. म्हणून मी असा एक शब्द घेतला आहे ज्याची फोड फारच सुरेख आहे, ती शतकानुशतकं युरोपभर शिकवली गेली, आणि ती साफ खोटी आहे. शब्द आहे 'पँथर'.

इंग्रजीत हा शब्द मोठ्या मांसाहारी जनावराचा. पण कोणत्या जनावराचा? भारतात आणि आफ्रिकेत पँथर म्हणजे बिबट्या. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात काळा जग्वार दिसला तर तोही पँथर. आणि उत्तर अमेरिकेत पँथर म्हणजे प्यूमा, ज्याच्या अंगावर मोठेपणी ना ठिपका ना पट्टा, आणि ज्याला वाघसिंहांसारखी डरकाळी फोडता येत नाही. प्राणिशास्त्रज्ञाला विचारलंत तर तो सांगेल की पँथर नावाची स्वतंत्र जातच नाही. 'पँथेरा' हे शास्त्रीय नावातलं पहिलं पद मात्र आहे. वाघ 'पँथेरा टायग्रिस', सिंह 'पँथेरा लिओ', बिबट्या 'पँथेरा पार्डस', शिवाय जग्वार आणि हिमबिबट्या. गंमत म्हणजे ज्याला फ्लोरिडातली शाळकरी पोरंसुद्धा पँथर म्हणतात, जो १९८२ पासून त्या राज्याचा अधिकृत प्राणी आहे, तो प्यूमा नेमका या घराबाहेर राहिला.

माझं म्हणणं असं आहे, की या शब्दाला पक्कं असं स्वतःचं जनावर कधीच नव्हतं, आणि म्हणूनच तो माणसांच्या कामी आला. आता हे कसं, ते जरा मागे जाऊन पाहू.

शब्द ग्रीक, 'पांथेर'. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस लिबियातली जनावरं मोजतो त्या यादीत तो येतो, नुसताच, वर्णनाशिवाय. पुढे झेनोफोन शिकारीवर लिहिताना परमुलखात सापडणारी जनावरं सांगतो: सिंह, 'पार्दालिस', लिंक्स, 'पांथेर', अस्वल. 'पार्दालिस' म्हणजे तर बिबट्या. त्याबद्दल वाद नाही. मग त्याच यादीत वेगळा मोजलेला हा 'पांथेर' कोण? कुणी चित्ता म्हणतं, कुणी दुसरं एखादं मार्जारकुळातलं जनावर. म्हणजे शब्द पहिल्यांदा कागदावर दिसतो तेव्हाच त्याच्या मालकाचा पत्ता संशयास्पद आहे.

आता ती सुरेख फोड. ग्रीकमध्ये 'पान' म्हणजे सगळे. पँडेमिक या शब्दातलं 'पॅन' ते हेच. २०२० नंतर ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि 'थेर' म्हणजे जंगली पशू. दोन्ही जोडा: सर्व-पशू. ग्रीक कानाला ही फोड इतकी सहज वाटली असणार, की तिच्यावर शंका घ्यायची कुणाला गरजच पडली नाही. पण भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. त्यांच्या मते हा शब्द ग्रीकांनी पूर्वेकडून कुठून तरी उचलला आणि मग आपल्या कानाला बरा वाटेल असा घासून घेतला. परके शब्द घरचे करताना सगळेच असं करतात.

पूर्वेकडून म्हणजे कुठून? इथे संस्कृतकडे बोट दाखवलं जातं, आणि बोट ज्या शब्दावर पडतं तो ऐकून मराठी माणूस खुर्चीत ताठ बसेल. तो शब्द 'पुण्डरीक'. पुण्डरीक म्हणजे पांढरं कमळ, आठ दिग्गजांपैकी आग्नेयेच्या हत्तीचंही हे नाव, आणि संस्कृत कोशांत पुण्डरीकाचा आणखी एक अर्थ दिला आहे: वाघ. आपला पुंडलिक याच नावाचा. म्हणजे विटेवर विठ्ठलाला उभं करणारा भक्त आणि ग्रीकांचा 'पांथेर' एका नावाचे निघायचे! मोह अनावर होतो, पण इथेच गुरुजींची आठवण ठेवायला हवी. वाघ हा अर्थ कोशांत आहे. काव्यात, कथेत तो शब्द वाघासाठी चालवलेला सापडणं कठीण. आणि 'पुण्डरीक'चा 'पांथेर' व्हायला ध्वनींची जी वाट लागते, तीही नीट जुळत नाही. तेव्हा हे चुलतपण सिद्ध झालेलं नाही. सोयरिकीचं बोलणं झालं, सुपारी फुटली नाही.

याउलट 'पार्दालिस' आणि 'पार्दोस' या ग्रीक शब्दांचं पूर्वेशी नातं जास्त भरवशाचं आहे. इराणी भाषांत बिबट्याला जवळचे शब्द आहेत, फारसीत तो 'पलंग', आणि संस्कृतातला 'पृदाकु' त्याच घरातला मानला जातो. पृदाकु वेदात सापासाठी येतो, कोशात वाघ-बिबट्यासाठीही. साप आणि बिबट्या एका शब्दात का बसावेत, हे ज्यानं घोणस जवळून पाहिली आहे त्याला सांगावं लागणार नाही. दोघांच्याही अंगावर ठिपक्यांची नक्षी असते. 'लेपर्ड' हा इंग्रजी शब्द म्हणजे लॅटिन 'लिओ', सिंह, आणि त्याला जोडलेला हा 'पार्द'.

पण 'सर्व-पशू' ही खोटी फोड संपली नाही. तिनं पुढे जे काम केलं ते खऱ्या फोडीला कधी जमलं नसतं.

अ‍ॅरिस्टॉटलनं एक ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली होती, की पार्दालिसच्या अंगाला असा काही वास असतो की इतर जनावरं त्या वासानं ओढली जातात आणि मग तो त्यांना पकडतो. शिकाऱ्यांच्या गप्पा म्हणून सोडून द्यावी अशी गोष्ट. ख्रिस्ती सनाच्या सुरुवातीच्या शतकांत, बहुधा अलेक्झांड्रियात, 'फिजिओलोगस' नावाचं एक ग्रीक पुस्तक तयार झालं, त्यात हा वास पांथेरच्या तोंडी आला आणि त्याचा सुगंध झाला. पांथेर पोटभर जेवतो, गुहेत तीन दिवस झोपतो, तिसऱ्या दिवशी उठून मोठ्यानं गर्जतो, आणि त्याच्या मुखातून असा सुवास सुटतो की सगळे पशू त्याच्यामागे निघतात. एकटा ड्रॅगन तेवढा भिऊन बिळात दडतो. तीन दिवसांनी उठणं म्हणजे ख्रिस्ताचं पुनरुत्थान, ड्रॅगन म्हणजे सैतान, सर्व पशू म्हणजे सर्व मानवजात. 'पान' या दोन अक्षरांवर अख्खं प्रवचन उभं राहिलं. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरनं आपल्या व्युत्पत्तिकोशात त्यावर शिक्काच मारला: ड्रॅगन सोडून सर्व प्राण्यांचा मित्र म्हणून हा पँथर. दहाव्या शतकात लिहिलेल्या एक्झेटरच्या हस्तलिखितात या प्राण्यावर जुन्या इंग्रजीतली एक अख्खी कविता आहे. इंग्लंडमध्ये बिबट्या नव्हता. तिथल्या भिक्षूंनी तो पाहिलेलाही नव्हता. मध्ययुगीन चित्रांत तो कधी निळ्या-लाल ठिपक्यांचा, कधी घोड्यासारखा दिसतो. चित्रकाराचा दोष नाही. त्याच्यापुढे फक्त शब्द होता.

याच काळात लेपर्डची मात्र बदनामी झाली. सिंहिणीनं 'पार्द'शी व्यभिचार केला आणि त्यातून लेपर्ड झाला, असं इसिडोर लिहितो. म्हणजे बघा, जनावर एकच, पण पँथर म्हटलं की ख्रिस्त आणि लेपर्ड म्हटलं की अनौरस.

रोमकडे वळू. तिथे लोकांनी हे जनावर डोळ्यांनी पाहिलं, आणि भरपूर पाहिलं. प्लिनी सांगतो की आफ्रिकेतली जनावरं इटलीत आणायला सिनेटची जुनी बंदी होती. एका लोकप्रतिनिधीनं खेळांसाठी सूट मिळवली आणि मग धरणच फुटलं. स्कॉरसनं आपल्या खेळांत १५० ठिपकेवाली जनावरं आणली, पाँपेनं ४१०, ऑगस्टसनं ४२०. ही सगळी आखाड्यात मरायला आलेली. तोच प्लिनी सांगतो की मादीला 'वारिया', म्हणजे ठिपकेवाली, आणि नराला 'पार्दस' म्हणतात. एकाच जनावराच्या दोन नावांची सोय लावायची तर नर-मादीची वाटणी करणं हा काही वाईट तोडगा नाही.

इथे मला सिसेरोची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इसवी सनापूर्वी ५१ मध्ये तो सिलिशियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानचा, सुभेदार म्हणून गेला. रोममध्ये त्याचा तरुण मित्र सीलियस याला एडाइल, म्हणजे शहराचा कारभार पाहणारा अधिकारी, होऊन लोकांना खेळ दाखवायचे होते. त्यानं सिसेरोमागे टुमणं लावलं: पँथर पाठव. पत्रामागून पत्र. दुसऱ्या एकानं क्युरिओ नावाच्या पुढाऱ्याला दहा पाठवले, तू त्याहून जास्त पाठवले नाहीस तर तुझीच शोभा. आपल्याकडे बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्याला गावाकडचे पुढारी जसे छळतात तसंच हे. सिसेरोला रयतेला सरकारी हुकमानं शिकारीला जुंपणं पसंत नव्हतं. शेवटी त्यानं जे उत्तर पाठवलं ते मिस्किलपणाचा नमुना आहे. पँथर इथे कमी झालेत, आणि जे उरलेत त्यांची तक्रार आहे की या सुभ्यात आमच्याखेरीज कुणालाच सापळे लावले जात नाहीत. तेव्हा त्यांनी हा प्रांत सोडून शेजारच्या केरियात जायचं ठरवलं आहे. सुभेदारीत आपण कुणाला छळत नाही, हे सांगायला त्यानं जनावरांची साक्ष काढली. आज त्या सगळ्या पट्ट्यात बिबट्या जवळपास दिसेनासा झाला आहे.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून पुन्हा आला आणि इंग्रजांबरोबर भारतात उतरला, तेव्हा तोच जुना घोळ नव्या अंगानं सुरू झाला. एकोणिसाव्या शतकातले साहेब शिकारी छातीठोकपणे सांगत की पँथर आणि लेपर्ड ही दोन वेगळी जनावरं आहेत. मोठा, उघड्या रानातला तो पँथर. लहान, गावाजवळ कुत्र्यांवर टपणारा तो लेपर्ड. वर्षानुवर्षं हा वाद चालला. १९३० मध्ये रेजिनाल्ड पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानं आशियातल्या पँथरांवर जो सविस्तर लेख लिहिला, तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. कातडी आणि कवट्या मोजून त्यानं जे मांडलं त्यात शिकाऱ्यांच्या दोन जातींना जागा नव्हती. जात एकच, प्रांतानुसार फरक.

आपल्या गावकऱ्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांच्या लेखी ते 'वाघरू'. पट्टेरी असो की ठिपक्यांचा, देवळात बसला की तो वाघोबा. मुंबईच्या आरेतल्या आणि पालघरकडच्या पाड्यांवर शेंदूर लावलेल्या लाकडी फळीवर वाघोबा कोरलेला असतो, त्याच्या अंगावर पट्टे आहेत की ठिपके, याची कुणी चौकशी करत नाही.

संस्कृतनं मात्र बिबट्याकडे निरखून पाहिलं. त्याचं एक नाव 'द्वीपी', बेटांचा. बिबट्याचं कातडं जवळून पाहा. नुसते काळे ठिपके नसतात ते. पाठीवर नि कुशीवर काळ्या तुकड्यांनी बनलेली तुटकी कडी असतात, आणि कड्याच्या आतली जागा बाहेरच्या पिवळ्या रंगापेक्षा थोडी गडद, तांबूस. सभोवती फिकं पाणी आणि मध्ये किनार असलेली बेटं. काळ्या बिबट्याच्या अंगावरही ही बेटं असतात. तिरप्या उन्हात तो उभा राहिला की काळ्यावर काळं उमटतं. हा काळेपणा म्हणजे वेगळी जात नव्हे, एका जनुकातला बदल. बिबट्यात तो अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून यावा लागतो. जग्वारमध्ये प्रभावी, एकाकडून आला तरी पुरे. म्हणजे 'ब्लॅक पँथर' म्हणावेत असेही दोन, आणि दोघांच्या काळेपणाचं कारण वेगवेगळं. आपल्या सह्याद्रीतही काळा बिबट्या अधूनमधून कॅमेऱ्यात सापडतो. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४ मध्ये सिवनीच्या जंगलात बघिराला आणला आणि काळा पँथर जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. नाव वाघाचं, जनावर बिबट्या, शब्द पँथर. घोळाची परंपरा त्यानंही राखली.

अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांना जंगलात मोठं मांजर दिसलं. त्यांनी हाताशी होता तो शब्द वापरला. डोंगरी बोलीत 'पँथर'चा 'पेंटर' झाला. १८२३ मधल्या कूपरच्या कादंबरीतली माणसं असंच बोलतात. आणि मग हा शब्द अलाबामात पोचला.

अलाबामातला लाउन्ड्स परगणा. लोकवस्तीत पाचातले चार काळे, आणि १९६५ सुरू झालं तेव्हा मतदारयादीत काळं नाव एकही नाही. नागरी हक्क चळवळीतला स्टोकली कारमायकेल आणि त्याचे सहकारी तिथे गेले, लोकांची नावं नोंदवू लागले, आणि स्वतंत्र पक्ष काढायचं ठरलं. राज्याच्या कायद्यानं पक्षाला चिन्ह लागायचं, कारण वाचता न येणारे मतदार पुष्कळ. आपल्याला हे समजावून सांगायला नको. राज्यातल्या प्रस्थापित डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. समोर काय ठेवायचं? काळा पँथर. अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं बोधचिन्ह समोर ठेवून तो काढला. पक्षाचे अध्यक्ष जॉन ह्यूलेट यांनी त्याचा अर्थ सांगितला तो साधा होता: हे जनावर मागे मागे सरतं, पण कोपऱ्यात कोंडलं की जीव तोडून उलटतं. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत पक्षाचे सगळे उमेदवार पडले. चार वर्षांनी ह्यूलेट त्याच परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तोच पँथर उचलून ब्लॅक पँथर पार्टी काढली. खरंतर अलाबामाच्या रानात काळा पँथर कधी नव्हता. काळा प्यूमा आजवर कुणाला खात्रीनं सापडलेला नाही. सिंह म्हटलं असतं तर राजा आठवला असता, अस्वल म्हटलं असतं तर रशिया. पँथर या नावावर कुणाचा जुना हक्क नव्हता. निदान मला तरी त्याच्या यशाचं हे एक कारण दिसतं.

१९७२. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार पडला, आणि रिपब्लिकन पक्षाचे गट आपसात भांडत होते. मुंबईत लिहिणारी तरुण मुलं, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे साथी, यांनी 'दलित पँथर' उभी केली. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी पंधरा ऑगस्टच्या 'साधने'त ढाल्यांच्या काळ्या स्वातंत्र्यदिनाच्या लेखानं महाराष्ट्र हादरला.

ही माणसं मराठी शब्दांची कारागीर होती. ढसाळांना शब्द कमी पडले असं कोण म्हणेल? तरी 'पँथर'चं भाषांतर त्यांनी केलं नाही. 'दलित बिबट्या' म्हणून पाहा. बिबट्या मराठीत शेळ्या पळवतो, रात्री कुत्रं उचलतो, लोक त्याच्यामागे डबे वाजवतात. वाघ म्हणावं तर तो १९६६ पासून मुंबईत शिवसेनेच्या दारावर डरकाळी फोडत होता. 'पँथर' मराठीत आला तो ओकलंडच्या गल्लीतून थेट, रानाला वळसा घालून. तो ऐकताना कुणाच्या डोळ्यांपुढे गोठा आला नाही. पहिला शब्द 'दलित' इथला होता, दुसरा शब्द मुद्दाम बाहेरचा ठेवला, आणि त्यानं इथल्या लढ्याची गाठ दुसऱ्या खंडातल्या लढ्याशी बांधली. संघटना १९७७ मध्ये बरखास्त झाली, पुढे त्या नावानं आणखी संघटना निघाल्या, फुटल्या, जुळल्या. तो इतिहास मोठा आहे आणि त्यावर अधिकारानं बोलणारे या सभागृहात बसले आहेत.

मला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. इंग्रजी कोशकाराला आजही 'पँथर'खाली तीन-चार जनावरं, एक बोधकथा आणि एक पक्ष असा पसारा मांडावा लागतो. मराठीत तो पसारा आवरला गेला. जुन्नरला किंवा नाशिकला ऊसतोडीत जनावर निघालं की मथळा येतो 'बिबट्या जेरबंद'. वनखात्याच्या पंचनाम्यातही 'बिबट्या'च लिहितात, तिथे 'पँथर' कुणी लिहीत नाही. आणि त्याच वर्तमानपत्रात खाली बातमी असते, 'ज्येष्ठ पँथर गेले'. क्रियापद आदरार्थी बहुवचनी. पुढे नाव, कोणत्या मोर्चात डोकं फुटलं होतं, किती खटले अंगावर होते, अंत्ययात्रा कुठून किती वाजता निघेल.